‘साठी बुद्धी नाठी’ म्हणण्यापूर्वी

घरातले वडीलधारे माणूस विसरू लागले, हेका धरू लागले किंवा बोलता बोलता मध्येच गप्प होऊ लागले, की आपल्याकडे एक म्हण तयार असते : साठी बुद्धी नाठी. म्हण एकदा लावली की पुढे विचार करायची गरज उरत नाही. एरवी त्याने फारसे बिघडत नसेल; पण त्या माणसाला मूत्रपिंडाचा जुना विकार असेल, तर ही म्हण त्याचे मोठे नुकसान करते. कारण त्याची बुद्धी वयाने नव्हे, तर आजाराने मंदावलेली असू शकते आणि त्यातला काही भाग भरून निघण्यासारखा असतो. शिवाय डायलिसिस सुरू करायचे का, मूत्रपिंडाचे रोपण करून घ्यायचे का, बायकोने किंवा बहिणीने देऊ केलेले मूत्रपिंड स्वीकारायचे का, हे आयुष्यातले सर्वांत अवघड प्रश्न त्याच्यापुढे नेमके याच काळात उभे असतात.

व्यवसायाने मी डॉक्टर आहे. अशा रुग्णांच्या घरच्यांशी निवांत बोलायला बसलो की ठरावीक गोष्टी कानावर येतात. दुकानाची खतावणी तोंडपाठ असलेल्या आजोबांना दुधाचा महिन्याचा हिशेब लागत नाही. सणाचा स्वयंपाक एकहाती उरकणाऱ्या आजी कणीक मळायला बसल्या की गॅसवरची आमटी करपते. कोणी दिवसभर पेंगते आणि रात्र जागून काढते. ‘त्यांचा स्वभावच बदलला हो,’ असे म्हणून घरचे थांबतात. फाईल उघडावी तर तिच्यात क्रिएटिनिन असते, पोटॅशियम असते, हिमोग्लोबिन असते. मनाबद्दल मात्र एक ओळ नसते.

मूत्रपिंडाचा आणि डोक्याचा संबंध काय, असे कोणालाही वाटेल. आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात; त्यातला दीडएक लिटर लघवीवाटे बाहेर जातो आणि बाकीचा शरीर परत घेते. ही गाळण्याची क्षमता शंभराच्या जागी पंधराच्याही खाली आली, की आजार शेवटच्या टप्प्यात पोचला असे आम्ही म्हणतो. जे बाहेर जायला हवे ते रक्तात साचत राहते. त्यातले युरियाचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण दोष एकट्या युरियाचा नाही. आतड्यातल्या जिवाणूंपासून तयार होणारी काही विषारी द्रव्येही त्यात असतात, आणि ती रक्तातल्या प्रथिनांना अशी चिकटून बसतात की डायलिसिसनेही नीट निघत नाहीत.

हा संबंध काही आज कळलेला नाही. लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ साली या रोगाचे जे वर्णन लिहिले, त्यात डोकेदुखी, डोळ्यांपुढची अंधारी, झटके आणि गुंगी या साऱ्यांचा उल्लेख आहे. पुढे सप्टेंबर १९४५ मध्ये हॉलंडमधील कांपेन या गावी डॉ. विलेम कोल्फ यांनी ६७ वर्षांच्या एका बेशुद्ध बाईंवर डायलिसिस केले. लाकडी पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून त्यांनी ते यंत्र स्वतःच बनवले होते, आणि आधीच्या बहुतेक रुग्णांना ते वाचवू शकले नव्हते. या बाई मात्र काही तासांत शुद्धीवर येऊन बोलू लागल्या. रक्तातली घाण काढली की मन जागे होते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

पण त्या बाईंची मूत्रपिंडे अचानक बंद पडली होती. आपल्या घराघरांत दिसतो तो आजार वर्षानुवर्षे मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या पाठोपाठ चालत आलेला असतो. मेंदू आणि मूत्रपिंडे या दोघांनाही अखंड, भरपूर रक्त लागते आणि ते पोचवणाऱ्या वाहिन्या केसाहून बारीक असतात. वाढलेला दाब आणि साखर या वाहिन्या दोन्हीकडे एकदमच खराब करतात. म्हणून मूत्रपिंडाचा जुना आजार म्हणजे मेंदूतल्या बारीक वाहिन्यांबद्दलची सूचनाच समजावी.

ही झीज सहसा आठवणींपासून सुरू होत नाही. आधी जाते ती आखणी करण्याची, दोन कामे एकदम सांभाळण्याची आणि चटकन निर्णय घेण्याची शक्ती. लग्नातल्या गमती रंगवून सांगणारा माणूस सकाळ-दुपार-रात्रीच्या गोळ्यांत गोंधळतो. पाच मिनिटांच्या तपासणीत तो नीट बोलतो, हसतो, मान डोलावतो. साहजिकच डॉक्टरांना काही वावगे दिसत नाही. अमेरिकेतील मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत डायलिसिसवरील ५५ वर्षांपुढच्या तीनशेहून अधिक रुग्णांची रीतसर चाचणी घेतली गेली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ३७ टक्के रुग्णांची विचारशक्ती गंभीररीत्या खालावलेली होती आणि जेमतेम १३ टक्क्यांची ठीक होती. त्यांच्या वैद्यकीय नोंदींत मात्र अशा तक्रारीचा उल्लेख ३ टक्क्यांहून कमी जणांच्या बाबतीत होता. म्हणजे आजार समोर बसलेला होता, पण कोणी विचारलेच नव्हते.

विचारले तर काय साधते? पुष्कळ साधते. मूत्रपिंड नवे रक्त तयार करण्याचा संदेशही देत असते. ते थकले की अंगातले रक्त कमी होते आणि डोके जड राहते. त्यावर इंजेक्शने आहेत. नैराश्य आणि झोपेत घोरता घोरता श्वास अडकणे, हे दोन्ही या रुग्णांत वारंवार आढळते आणि दोन्हीवर उपचार आहेत. औषधांचे तर विशेष सांगायला हवे. पाय जळजळतात म्हणून दिलेल्या गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिनच्या आणि उचकीसाठी दिलेल्या बॅक्लोफेनच्या नेहमीच्या मात्रेनेही अशा रुग्णाला भ्रम होऊ शकतो, कारण ही औषधे मूत्रपिंडावाटेच बाहेर जायची असतात. चांदणीसारखे काप होणारे आंबट कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, निरोगी माणसाला बाधत नाही. या रुग्णांना मात्र त्यातल्या एका विषारी द्रव्याने उचक्या, भ्रम, झटके आणि प्रसंगी मृत्यूही येतो.

एकेकाळी डायलिसिसमुळेच बुद्धिभ्रंश होत असे. बोलणे अडखळायचे, अंगाला झटके यायचे आणि बहुतेक रुग्ण दगावायचे. डेन्व्हरच्या डॉ. आल्फ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली या रुग्णांच्या मेंदूतल्या अॅल्युमिनियमकडे बोट दाखवले. पाणी निवळायला तुरटी वापरतात, ती अॅल्युमिनियमचेच क्षार. आणि डायलिसिसच्या चार तासांत रुग्णाच्या रक्ताशेजारून सुमारे १२० लिटर पाणी वाहते. काही गोळ्यांतूनही हा धातू पोटात जात होता. पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा आली, गोळ्या बदलल्या, आणि तो आजार जवळपास नाहीसा झाला. वय झाले म्हणून सोडून दिले असते तर हे घडले असते का?

डायलिसिस चालू असताना रक्तदाब खाली येतो, मेंदूकडचा पुरवठा कमी होतो, आणि विचारशक्ती त्या वेळी सर्वांत मंद असते. दोन बैठकींच्या मध्ये पाणी जितके जास्त साचते, तितके ते घाईने काढावे लागते आणि दाब तितकाच कोसळतो. लोणचे-पापड आवरायला सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे. रुग्णाचे डोके सर्वांत ताजे असते ते डायलिसिस सुरू होण्यापूर्वी किंवा दुसऱ्या दिवशी. असे असताना आपण संमतीचा कागद, बँकेचा अर्ज, घराच्या वाटणीची बोलणी हे सगळे तो यंत्राला जोडलेला असताना त्याच्यापुढे सरकवतो. का, तर तो तेव्हा एका जागी सापडतो! ही सोय आपली आहे, त्याची नव्हे.

याउलट दुसरी चूकही होते. ‘त्यांना आता काय कळतंय’ म्हणून सारे निर्णय मुलगा आणि डॉक्टर परस्पर घेऊन टाकतात. मंद होणे आणि अजाण होणे यांत फरक आहे. प्रश्न सोपा केला, एका वेळी एकच विचारला, उत्तरासाठी थांबले, तर यातले बहुतेक जण आपल्याला काय हवे ते नीट सांगतात. रोपण यशस्वी झाले तर विचारशक्ती बरीचशी सुधारते, हेही त्यांना सांगायला हवे. ज्यांना अखेरीस यंत्रांच्या आधाराने आयुष्य लांबवायचे नसेल, त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये इच्छापत्राला मान्यता दिली आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धतही सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरते. पण ते लिहायचे तर डोके शाबूत असतानाच. क्रिएटिनिन वाढू लागले की ही बोलणी सुरू व्हावीत; शेवटच्या आठवड्यात नव्हे.

मधुमेह्याचे पाय वर्षातून एकदा तपासावेत, हे आता सगळ्यांनी मान्य केले आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या मनाची तपासणीही तशीच नेमाने व्हावी. घड्याळाचे चित्र काढायला लावणे, शंभरातून सात वजा करत जाणे, असल्या साध्या चाचण्यांना दहा मिनिटे पुरतात आणि यंत्र लागत नाही. घरच्यांनी एक वही ठेवावी : केव्हापासून फरक जाणवला, कोणते नवे औषध त्याआधी सुरू झाले, कोणत्या वेळी गोंधळ वाढतो. ही वही डॉक्टरांपुढे ठेवावी. गोंधळ एकदोन दिवसांत अचानक वाढला, हात थरथरू लागले किंवा माणूस झोपेतून नीट जागाच होईना, तर वहीत लिहीत न बसता त्याला थेट रुग्णालयात न्यावे.