घड्याळ पावले मोजते, पकड नाही

मुले परदेशी, आई-वडील वारज्यात आणि त्यांच्या मनगटावर भेट आलेले स्मार्टवॉच. त्यातून वार्धक्यातील क्षीणता, म्हणजेच ‘फ्रेल्टी’, कळते का? थोडीफार.

लिंडा फ्रीड व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पाच निकष मांडले : नकळत घटलेले वजन, थकवा, कमी हालचाल, मंद चाल आणि हाताची कमजोर पकड. यातील तीन आढळल्यास व्यक्ती क्षीण मानली जाते. घड्याळाला हालचाल समजते, चालीचा अंदाज येतो. वजन आणि पकड कळत नाही. म्हणून एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नये. पावले आठवडेच्या आठवडे घटत राहिली, तर डॉक्टरांना दाखवावे. वेळीच व्यायाम आणि पुरेशी प्रथिने मिळाली, तर क्षीणता लांबवता येते.

ज्यांच्याकडे घड्याळ नाही, त्यांचे काय? चार मीटर चालायला पाच सेकंदांहून अधिक लागणे, हाही इशाराच. ही बिनखर्चाची चाचणी पालिकेच्या दवाखान्यांत आणि ज्येष्ठ नागरिक संघांत नियमित व्हायला हवी.