डोक्यावरची पिसे शाबूत

स्वतःची पिसे उपटणारा पोपट जवळून पाहावा. छाती उघडी पडलेली, मांड्यांवर लाल चट्टे. डोके मात्र तुकतुकीत, कारण चोच तिथे पोहोचत नाही. रानातल्या पोपटांत हा प्रकार जवळपास आढळतच नाही.

रानात पोपटाचा बराचसा दिवस थव्यासोबत खाणे शोधण्यात, सोलण्यात, फोडण्यात जातो. पिंजऱ्यातली वाटीभर भिजवलेली डाळ घटकाभरात संपते. उरलेला दिवस त्या चोचीने करायचे काय? अशाच रिकामपणात साखळीला बांधलेला हत्ती तासन्‌तास डुलतो, आणि आपण ‘नाचतोय बघ’ म्हणून मुलांना दाखवतो. मला हे फार लागते. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधकांनी २००३ मध्ये मांसाहारी प्राण्यांबद्दल दाखवून दिले, की रानात ज्यांचा वावर जितका दूरवर, तितक्या त्यांच्या पिंजऱ्यातल्या येरझाऱ्या जास्त.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपला देशी पोपट पाळणे गुन्हाच आहे. विदेशी पोपट मात्र फ्लॅटमध्ये सर्रास दिसतात. तुमच्याकडचा पिसे उपटत असेल, तर आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा. त्वचेचा किंवा पोटातला आजारही असू शकतो. दिरंगाई नको, कारण वारंवार उपटलेले पीस पुढे उगवेनासे होऊ शकते. आजार नसेल, तर आयती वाटी बंद करा. दाणे कागदात गुंडाळून द्या, मक्याचे अख्खे कणीस टांगा, आणि रोज काही तास त्याला पिंजऱ्याबाहेर, माणसांत राहू द्या.