वाईट बातमी सांगणारा माणूस

पावसाळी वेळापत्रक लागलं की कणकवली स्टेशनवर कुरकुर सुरू होते, गाड्या रखडतात म्हणून. मला त्या वेळी आठवतो तो डोंगर कापून केलेल्या कटिंगमधून रुळालगत चालणारा गस्तवाला. अंगावर रेनकोट, हातात बॅटरी, जवळ लाल-हिरवा कंदील, शिट्टी आणि गाडी थांबवण्यासाठी रुळावर लावायचे फटाके. 22 जून 2003 च्या रात्री इथून जवळच, वैभववाडीला, रुळावर आलेल्या दगडांमुळे कारवारहून मुंबईला निघालेली गाडी घसरली आणि 50 हून अधिक माणसं गेली. आपल्या भागातल्या माणसांना ती रात्र विसरता येत नाही.

कोकण रेल्वेच्या मार्गावर साधारण दर किलोमीटरला फोन जोडायची सोय आहे. गस्तवाल्याने तिथून थेट स्टेशन मास्तरला खबर द्यायची. यंत्रणा चोख आहे, पण तिचा सगळा भार एका वाक्यावर आहे : ''साहेब, दगड हलल्यासारखो वाटता.'' पलीकडून ''वाटता म्हणजे काय? नीट बघून सांग!'' असा आवाज चढला आणि पुढे दगड जागच्या जागी निघाला, की पुढच्या वेळी हा माणूस खात्री पटेपर्यंत गप्प राहणार. दरड तेवढा वेळ देत नाही. म्हणून खोटी ठरलेली खबर देणाऱ्यालाही ''बरं केलंस, सांगितलंस'' म्हणणारा साहेब मला मोठा वाटतो.

हे फक्त रेल्वेपुरतं नाही. काजू कारखान्यात ड्रायर जास्त तापला तर सोलायला बसलेल्या बायकांना गर हातात घेताच कळतं. त्या बोलतात का, हे सुपरवायझरने मागच्या वेळी काय उत्तर दिलं त्यावर ठरतं. बँकेत, पंचायत समितीत, दुकानात तेच. वार्षिक स्नेहसंमेलन, वाढदिवसाचा केक, सगळं चांगलंच. पण साहेबावरचा विश्वास तिथे जमत नाही. तो जमतो अशा एखाद्या अवघड सकाळी, जेव्हा हाताखालचा माणूस घाबरत दारात उभा राहतो आणि साहेब हातातलं काम बाजूला ठेवून ''बस, सांग'' म्हणतो.

बदलीवर नव्याने आलेल्या अधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. सोमवारच्या बैठकीत आधी शिपायाला आणि ड्रायव्हरला बोलू द्या. काय अडतंय ते वहीत लिहून घ्या, आणि पुढच्या सोमवारी तीच वही उघडून, त्याचं काय केलंत ते त्यांना सांगा.