गॅरेजमधील गाडी आणि घरातील हवा

भारतात गाडी लावायची म्हणजे बहुधा रस्त्याच्या कडेला, सोसायटीच्या आवारात किंवा इमारतीखालच्या खांबांमध्ये जागा शोधायची. तेथे इंजिन चालू राहिले, तरी धूर बहुधा वाऱ्यावर निघून जातो. अमेरिकेच्या उपनगरांत मात्र गॅरेज पुष्कळदा घरालाच जोडलेले असते आणि अनेक घरांत त्याच्या डोक्यावर निजण्याची खोली असते. येथे गाडी घरातच येते, हे आपण फारसे लक्षात घेत नाही.

गाडी नेमकी कोठे थांबवावी, हा प्रश्न सोपा आहे. टेनिसचा चेंडू छतापासून दोरीने लोंबता ठेवावा. गाडी योग्य जागी असता तो समोरच्या काचेला जेमतेम टेकावा. शेजाऱ्यांचा हा जुना उपाय कोणत्याही महागड्या उपकरणाइतकाच चांगला आहे.

खरा धोका गाडी थांबल्यानंतरचा. किल्ली फिरवून इंजिन बंद करण्याची सवय असलेल्या हातांत आता बटणाची गाडी आली आहे. रिमोट खिशात घालून माणूस घरात गेला, तरी इंजिन आपोआप बंद होईलच असे नाही. त्यातून गाडी हायब्रिड असेल, तर ती विजेवर निःशब्द उभी राहते आणि बॅटरी उतरली की पेट्रोलचे इंजिन आपणहून सुरू होते. रविवारचा कार्यक्रम आटोपून रात्री परतताना मागे झोपलेले मूल, हातात रिकामी पातेली, अशा गडबडीत बटण दाबायचे राहून जाणे अगदी स्वाभाविक आहे. इंजिन ठरावीक वेळाने आपोआप बंद व्हावे यासाठी नियम करण्याचा आदेश अमेरिकी संसदेने २०२१ च्या कायद्यात दिला. पण आपल्या दारातील जुन्या गाडीला त्याचा काय उपयोग?

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे ही लक्षणे फ्लूसारखी वाटतात. झोपलेल्याला तीही कळत नाहीत. हिवाळ्यात घरातील गरम हवा वर चढते आणि तिच्या जागी गॅरेजची हवा दाराच्या व भिंतीच्या फटींतून आत ओढली जाते. म्हणून बर्फाच्या सकाळी गॅरेजचे दार उघडून गाडी आतच तापवण्याची पद्धत, माझ्या मते, सरळ सोडून द्यावी. दार उघडे असले तरी वारा धूर घरात लोटू शकतो. गाडी आधी बाहेर काढावी, मग हवी तितकी तापवावी.

दाराचेही पाहावे. १९९३ पासून बनलेल्या घरगुती गॅरेजच्या मोटरींना, खाली कोणी अडकू नये यासाठी जादा संरक्षण बंधनकारक आहे. बहुधा जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवलेले दोन सेन्सर. जुने घर घेणाऱ्यांनी ते आहेत की नाहीत, हे अवश्य तपासावे. महिन्यातून एकदा दीड इंच जाडीची फळी दाराखाली आडवी ठेवावी. तिला टेकताच दार परत वर गेले पाहिजे. मागचा कॅमेरा मे २०१८ पासून नव्या गाड्यांना सक्तीचा झाला, तथापि बाजूला खाली बसलेले मूल त्यात दिसेलच असे नाही. गाडी मागे घेण्यापूर्वी एक फेरी मारावी.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांबाहेर हवा. आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात, तेव्हा पाहुण्यांची खोली म्हणून त्यांच्या वाट्याला पुष्कळदा गॅरेजवरचीच खोली येते. हा आवाज त्यांनी पूर्वी ऐकलेला नसतो. धुराचा किंवा घड्याळाचा समजून ते खिडकी लावून पुन्हा निजतील. आल्या दिवशीच अलार्मचे चाचणीचे बटण दाबून तो त्यांना ऐकवावा, आवाज येताच स्वेटर न शोधता बाहेर पडायचे हे सांगावे, आणि ९११ हा क्रमांक व घराचा पत्ता इंग्रजी उच्चारांसह मराठीत लिहून फ्रिजवर लावावा.