वठलेली फांदी कुणाची?

मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळला जातो. शाळांत भाषणं होतात, तळ्यांवर दुर्बिणी लागतात, फोनवर छायाचित्रांचा पाऊस पडतो. त्याच सुमारास लोणावळ्याच्या मागच्या रानांत चिमणीहून जराच मोठा असलेल्या एका सुतार पक्ष्याचा विणीचा हंगाम सुरू होतो. त्याला घरासाठी जी वस्तू लागते, ती सप्ताहाच्या एकाही कार्यक्रमपत्रिकेत नसते. त्याला मेलेली फांदी लागते.

हृदयांकित सुतार हे त्याचं यादीतलं नाव. लांबी जेमतेम १६ सेंटिमीटर. अंगावर काळा-पांढरा रंग, पंखांच्या फिकट पट्ट्यावर बदामाच्या आकाराचे काळे ठिपके, मागे वळलेला मोठा तुरा, आणि शेपूट इतकं आखूड की देवानं घाईत पक्षी अर्धाच सोडून दिला असं वाटावं. मादीचं कपाळ पांढरं आणि नराचं काळं, त्यावरून जोडी ओळखायची. सुतार म्हटला की खोडाला उभा चिकटून, शेपटीचा टेकू घेऊन ठोकणारा पक्षी आठवतो. याला खोडाचं फारसं कौतुक नाही. हा शेंड्याकडच्या बारीक डहाळ्यांवर वावरतो, कधी साध्या पाखरासारखा आडवाच बसतो, उडताना बडबडतो, आणि इतर किडेखाऊ पक्ष्यांच्या मिश्र थव्यात घुसून मुंग्या, वाळवी, अळ्या वेचतो. केरळपासून घाटाच्या कडेकडेनं तो वर डांगांपर्यंत आहे. पुढे मध्य भारत, ईशान्य भारत, म्यानमार आणि थेट व्हिएतनाम. फ्रेंच निसर्ग अभ्यासक लेसन यानं १८३० साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेही पेगूहून मिळालेल्या पक्ष्यावरून. जनुकांच्या अभ्यासानुसार सुतारांच्या मुख्य कुळातून फार लवकर वेगळी निघालेली ही शाखा आहे आणि तिच्यात आज मोजक्याच जाती उरल्यात. बाकीच्या मलाया, सुमात्रा, बोर्निओच्या बाजूला राहतात.

तो दुर्मीळ नाही. जागतिक लाल यादीत त्याची नोंद फारशी चिंता नसलेल्यांत आहे, त्यामुळे त्याच्यासाठी मोर्चा निघणार नाही की अभयारण्य जाहीर होणार नाही. त्याच्या नावानं गळा काढण्याचा आमचाही इरादा नाही. मुद्दा त्याच्या फांदीचा आहे.

या पक्ष्याची चोच बेताची. हिरव्या अंजनीचं किंवा ऐनाचं लाकूड तिला दाद देणार नाही. आधी फांदी मरावी लागते, मग बुरशीनं आतून लाकूड पोखरून मऊ करावं लागतं, आणि एवढं होऊनही ती फांदी पडता कामा नये. घाटमाथ्याचा चार महिन्यांचा पाऊस बुरशीचं काम झपाट्यानं करतो. उभं राहण्याचं काम मात्र झाडाला स्वतः करावं लागतं. अशा फांदीत तो इवलंसं गोल भोक पाडून ढोली कोरतो. सुतार सहसा पुढच्या हंगामाला नवी ढोली करतात आणि जुनी सोडून देतात. ज्यांना स्वतः कोरता येत नाही, असे कितीतरी जीव या सोडलेल्या ढोल्यांवर अवलंबून असतात: शिलिंध्री, रामगंगा, लहान वटवाघळं, पाली. मोठ्या सुतारांच्या ढोल्यांत पिंगळे आणि पोपट शिरतात. म्हणजे एक वाळकं झाड तोडलं की अख्खी चाळ उठते.

मावळात वाळकं लाकूड कधीच मुबलक नव्हतं. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला ऐन-किंजळाच्या फांद्या छाटल्या जात, चुलीसाठी मोळी जाई, कोळशाच्या भट्ट्या लागत. पण त्याच मुलखात देवरायाही होत्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा जगाला त्यांचं महत्त्व कळलं. गावाला ते आधीपासून ठाऊक होतं. कडक देवराईचा नियम काय? जिवंत झाड तोडायचं नाही एवढ्यावर तो थांबत नाही. वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही. पडलं ते तिथंच कुजेल, वठलं ते तिथंच उभं राहील. यामागे देवाचं भय होतं की आणखी काही, हा वाद इथं नको. सुतारांची सोय होत होती, एवढं खरं.

आज मोळीवाल्या बाईकडे बोट दाखवणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. वाळक्या झाडांचे खरे शत्रू दोन. पहिला वणवा. गवत चांगलं फुटेल या समजुतीनं किंवा निव्वळ निष्काळजीपणानं फेब्रुवारीपासून डोंगर पेटतात आणि सुकलेलं झाड हिरव्याआधी पेटतं. या सुताराची वीण घाटात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पिल्लं ढोलीत असतानाच आग खाली येते.

दुसरा शत्रू जास्त सभ्य आहे. तो शनिवार-रविवारी मोटारीनं येतो. तुंगार्ली, वळवण, पवनेचा काठ, कुठंही प्लॉट घेतला की पहिली सूचना ‘साफ करून घ्या’. जेसीबी येतो आणि सर्वांत आधी वाळकं झाड जातं, कारण त्याच्या बाजूनं बोलायला कुणी नसतं. मग हिरवळ, पाम, दगडी पायवाट. जाहिरातीत मात्र ‘निसर्गाच्या कुशीत’. ही कूस इतकी झाडून-पुसून ठेवलेली असते की सुतारानं चोच कुठं मारावी? लाकडी डेकवर?

कायदाही याच नजरेचा. नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा आपला कायदा १९७५ चा. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी रोपं लावण्याची अटही घातली. दोन्ही चांगल्या गोष्टी. पण पन्नास वर्षांनी मान मिळवलेलं झाड वाळलं की कागदावर ते फक्त ‘धोकादायक’ उरतं. त्याच्या बदल्यात पन्नास रोपं लावली तरी त्यांतल्या एकातही ढोली मिळायला निम्मं आयुष्य जावं लागेल. २०१७ ते २०१९ या काळात राज्यानं ५० कोटी झाडं लावायचा संकल्प केला होता. आकडा छापायला छान. डोंगरउतारावरच्या गिरिपुष्पाच्या एकसारख्या रांगा पाहिल्या, की त्यातून रान किती झालं हा प्रश्न विचारावासा वाटतो.

स्वीडननं हा धडा महागात घेतला. नीटनेटक्या वनव्यवस्थापनात मेलेली पानझडी झाडं नाहीशी झाली आणि पांढऱ्या पाठीचा सुतार तिथं नामशेष व्हायच्या टोकाला आला. आता पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडावे लागतात, आणि वृक्षतोडीत काही झाडं मुद्दाम उंच बुंधा ठेवून कापली जातात.

लोणावळ्याच्या वाऱ्या-पावसात वठलेलं झाड मोटारीवर किंवा माणसावर पडू शकतं, हे आम्हाला मान्य आहे. रस्त्यावरचं, विजेच्या तारेखालचं, घरावर कललेलं झाड जाऊ द्या. पण प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यातलं? तिथं वरच्या फांद्या उतरवून दोन पुरुष उंचीचा बुंधा ठेवला तर कुणाच्या डोक्यावर काय पडणार आहे? वन खात्यालाही जाळरेषा काढताना वठलेल्या मोठ्या झाडांभोवतीचं गवत आधी काढता येईल. त्याला वेगळा निधी लागत नाही.

आणि पावसाळ्यापूर्वीची छाटणी. ती बहुतेक ठिकाणी एप्रिल-मेमध्ये उरकली जाते, म्हणजे वीण नुकती संपत असताना किंवा चालू असतानाच. छाटणीच्या अर्जावर नाव, पत्ता, झाडाची जात, घेर, कारण असं सगळं विचारलं जातं. त्यात ‘झाडात ढोली आहे का, असल्यास वापरात आहे का’ असा एक रकाना वाढवायला विधिमंडळाचं अधिवेशन बोलवावं लागणार नाही. पाहणीला येणाऱ्या माणसाला तसंही मान वर करावीच लागते.