गाडी गेली, हप्ते राहिले!

जुनी मोटार घेताना मध्यमवर्गीय कुटुंबाला धास्ती असते ती इंजिनाची. गाडी किती किलोमीटर धावली, मीटर मागे फिरवला आहे काय, कधी अपघात झाला होता काय, याची चौकशी होते. ओळखीचा मेकॅनिक सोबत नेला जातो. मात्र समोरच्या व्यापाऱ्याला ही गाडी विकण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही. दुकान हमरस्त्यावर असते, पाटी ठळक असते, आरसी बुक हाती पडते आणि काही आठवड्यांत आरटीओच्या दप्तरी नावही चढते. समजा, वर्षा-दीड वर्षाने पोलीस दाराशी येतात, चेसी नंबर तपासतात, पंचनामा करतात आणि गाडी 'मुद्देमाल' म्हणून ठाण्याच्या आवारात जमा होते. बँकेचे हप्ते मात्र पुढच्या महिन्यातही खात्यातून वळते होतातच.

चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी भावना या वेळी खरेदीदाराच्या मनात निर्माण झाली, तर नवल नाही. रक्कम मोजून, कागदपत्रे पाहून, सरकारी कार्यालयात नोंद करून घेतलेली वस्तू जात असेल, तर कायदा नेमका कोणाच्या बाजूने आहे? या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. गाडीच्या बाबतीत कायदा मूळ मालकाच्या बाजूने आहे. पैशांच्या बाबतीत तो खरेदीदाराच्या बाजूने आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली, की खरेदीदार गाडी परत मिळविण्याच्या खटपटीत वेळ घालवतो आणि जी रक्कम मिळू शकली असती, तिची मुदत निघून जाते.

आडातच नाही, तर...

वस्तूंच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार आजही १९३० च्या वस्तू विक्री कायद्यानुसार चालतात. या कायद्याच्या कलम २७ चे सूत्र सरळ आहे. विकणाऱ्याकडे मालकीचा जेवढा हक्क असेल, तेवढाच घेणाऱ्याकडे जातो, त्याहून अधिक नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? चोराकडे मालकी नव्हती, म्हणून ती व्यापाऱ्याकडे आली नाही आणि व्यापाऱ्याकडे नव्हती, म्हणून ग्राहकाकडेही आली नाही. मध्ये चार हात बदलले आणि चौघेही प्रामाणिक असले, तरी निष्कर्ष बदलत नाही.

या नियमाला अपवाद आहेत. पण ते चोरीला लागू पडत नाहीत. मालकाने स्वतःच गाडी विक्रीसाठी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिली आणि व्यापाऱ्याने ती विकून पैसे दडपले, तर प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षण मिळू शकते. फसवणुकीच्या करारातून गाडी विकली गेली असेल आणि मूळ मालकाने तो करार रद्द करण्यापूर्वी तिसऱ्याने ती प्रामाणिकपणे घेतली असेल, तर कलम २९ त्याच्या मदतीला येते. या दोन्ही प्रसंगी मालकाने आपल्या हाताने गाडी दिलेली असते. चोरीत त्याची संमतीच नसते.

आरटीओतील नोंद ही येथे ढाल ठरत नाही. नोंदणी हा मालकीचा प्रथमदर्शनी पुरावा असला, तरी ती मालकी निर्माण करीत नाही. शिवाय चोरीच्या अनेक गाड्या दुसऱ्याच गाडीचा क्रमांक लावून बाजारात येतात. अपघातात निकामी झालेली गाडी भंगाराच्या भावात, पण कागदपत्रांसह विकत घ्यायची, त्याच बनावटीची व रंगाची गाडी चोरायची आणि तिच्यावर जुन्या गाडीचा चेसी क्रमांक ठोकायचा, ही या धंद्यातील परिचित रीत आहे. अशा वेळी ग्राहकाच्या हातातील आरसी बुक खरे असते, खोटी असते ती गाडी! घासून काढलेला मूळ क्रमांक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायनांच्या साह्याने पुन्हा उमटवता येतो आणि मग सारे पितळ उघडे पडते.

'मलाही ठाऊक नव्हते'

गाडीवरील हक्क असा संपला, की खरा प्रश्न उरतो तो दिलेल्या किमतीचा. येथे त्याच कायद्याचे कलम १४ महत्त्वाचे ठरते. प्रत्येक विक्रीत विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार आहे, ही अट न लिहिताही गृहीत धरली जाते. खरेदीदाराला वस्तूचा निर्वेध उपभोग मिळेल, ही हमीही त्यात अंतर्भूत असते. व्यापारी अशा वेळी ठरलेले उत्तर देतो, 'साहेब, मीसुद्धा फसलो. मलाही ठाऊक नव्हते.' ते खरेही असेल. मात्र कलम १४ व्यापाऱ्याच्या मनात काय होते, हे विचारीत नाही. अधिकार होता की नव्हता, एवढेच पाहते. त्याचे अज्ञान त्याला फौजदारी गुन्ह्यातून सोडवू शकेल, पैसे परत करण्याच्या जबाबदारीतून नाही. ज्याने त्याला गाडी विकली, त्याच्याकडे त्याने वसुलीसाठी जावे.

दीड वर्ष गाडी वापरली, मग पूर्ण रक्कम कशी मागता, हा व्यापाऱ्याचा दुसरा आक्षेप. भारतीय कायद्याची मुळे ज्या इंग्रजी कायद्यात आहेत, तेथे हा मुद्दा १९२३ मध्येच निकाली निघाला. रोलंड विरुद्ध डिव्हॉल या खटल्यात ३३४ पौंडांना घेतलेली मोटार चोरीची निघाली आणि काही महिन्यांच्या वापरानंतर पोलिसांनी ती नेली. अपील न्यायालयाने वापरापोटी काहीही वजा न करता पूर्ण किंमत परत देण्याचा निर्णय दिला. खरेदीदाराने पैसे मोजले होते ते मालकीसाठी आणि ती त्याला क्षणभरही मिळाली नव्हती, हे त्यामागील तर्कशास्त्र. भारतीय न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही. परंतु कलम १४ चा अर्थ लावताना त्याचा आधार घेतला जातो.

पावतीवर छापलेले 'गाडी जशी आहे तशी' हे शब्दही व्यापाऱ्याला फार दूर नेत नाहीत. ते गाडीच्या अवस्थेविषयी असतात, मालकीविषयी नव्हे, असा युक्तिवाद ग्राहकाला करता येतो.

कागदावर नसलेला विक्रेता

कायदा इतका स्पष्ट असताना ग्राहक हरतो कोठे? बहुधा पुराव्यात. जुन्या गाडीच्या नेहमीच्या व्यवहारात पहिला मालक हस्तांतराच्या २९ व ३० क्रमांकाच्या अर्जांवर कोऱ्या सह्या करून गाडी व्यापाऱ्याच्या हवाली करतो. ग्राहक मिळाला, की रिकाम्या जागी त्याचे नाव भरले जाते. आरटीओच्या दप्तरी गाडी जुन्या मालकाकडून थेट नव्या मालकाकडे गेल्याची नोंद होते. ज्याने किंमत ठरवली, पैसे घेतले आणि किल्ली हातात ठेवली, त्या व्यापाऱ्याचा कागदोपत्री मागमूसही उरत नाही. गाडी चोरीची निघाल्यावर तो शांतपणे सांगतो, 'मी केवळ मध्यस्थ होतो.' काही रक्कम रोखीने दिलेली असेल, तर तिचा हिशेबही मिळत नाही.

हीच फट बुजवण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या या नियमांनुसार जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याला नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. त्याची मुदत पाच वर्षांची असते. मालकाने गाडी व्यापाऱ्याकडे सोपवली, की त्याची सूचना परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरून द्यायची आणि त्या क्षणापासून तो व्यापारी त्या गाडीचा मालक मानला जायचा, अशी ही रचना आहे. चाचणी, प्रदर्शन, दुरुस्ती वा तपासणी वगळता ती गाडी रस्त्यावर आणण्यासही मनाई आहे.

ग्राहकाच्या दृष्टीने या नियमाचे मोल मोठे आहे. 'मी केवळ मध्यस्थ' ही पळवाट त्याने बंद होते. परंतु ग्राहकाने अधिकारपत्र मागितलेच नाही, तर नियम कागदावरच राहणार. २०२५ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याला जुन्या गाडीवरील आपल्या नफ्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर द्यावा लागतो. हा कर चुकवण्याच्या मोहापायीही बिल टाळले जाऊ शकते. 'बिल नको, थोडे कमी करतो' हे वाक्य म्हणूनच स्वस्ताईचे नसून धोक्याचे आहे.

कोणते दार ठोठवावे?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रार आपण जेथे राहतो वा नोकरी करतो, तेथेही दाखल करता येते. त्यामुळे पुण्याच्या ग्राहकाने दिल्लीच्या व्यापाऱ्याकडून गाडी घेतली, तरी त्याला दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार नोंदवता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार 'ग्राहक' ठरत नाही. मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी टॅक्सी वा टेम्पो घेणाऱ्याला हे दार खुले आहे.

येथे दोन खाचखळगे आहेत. पहिला मुदतीचा. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावे लागते. चोरीच्या फौजदारी खटल्याचा निकाल लागू दे, मग पाहू, असे म्हणणारा ग्राहक ही मुदत सहज गमावतो. दुसरा खाचखळगा तक्रारीच्या भाषेचा. फसवणूक, कट अशा गुन्हेगारी स्वरूपाच्या वादांचा निवाडा ग्राहक आयोगाच्या संक्षिप्त पद्धतीत होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे 'व्यापारी चोरांच्या टोळीत सामील आहे' यावर तक्रार उभी केली, तर आयोग दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवण्याची शक्यता असते. 'विकण्याचा अधिकार नसलेली वस्तू विकली, पडताळणी केली नाही, पैसे परत करण्यास नकार दिला' एवढेच मांडले, तर प्रश्न सेवेतील त्रुटीचा व अनुचित व्यापारी प्रथेचा राहतो. गुन्ह्याची फिर्याद पोलिसांत स्वतंत्रपणे द्यावी.

पोलिसांकडेही आपणहून जाणे हिताचे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तो अप्रामाणिकपणे बाळगणे हा गुन्हा आहे. धनादेश, बँकेतील नोंदी, बिल आणि बाजारभावाशी सुसंगत किंमत हीच खरेदीदाराच्या प्रामाणिकपणाची साक्ष. निम्म्या किमतीत गाडी घेतलेल्याला ही साक्ष देणे अवघड जाते.

जप्त वाहने ठाण्यात गंजत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्येच बजावले आहे. हमीपत्रावर गाडी ताब्यात देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. मात्र चोरी सिद्ध होण्याजोगी असेल, तर तो ताबा साहजिकच मूळ मालकाकडे, किंवा त्याला भरपाई देऊन चुकलेल्या विमा कंपनीकडे जातो. आरोपी दोषी ठरला आणि अटकेच्या वेळी त्याच्याजवळ रोकड सापडली, तर त्यातून निष्पाप खरेदीदाराला त्याने दिलेल्या किमतीपर्यंत रक्कम देण्याची तरतूद फौजदारी प्रक्रियेत आहे. पण चोर पैसे जपून ठेवतो, अशी आशा कोण करणार?

राहिले कर्ज. बँकेशी झालेला करार स्वतंत्र असतो. गाडी गेली म्हणून तो संपत नाही आणि हप्ते थांबवले, तर पत खराब होते ती ग्राहकाचीच. व्यापाऱ्याने स्वतःच कर्ज मिळवून दिले असेल, तर बँकेने कोणती पडताळणी केली, हा प्रश्न तक्रारीत जरूर उपस्थित करावा. व्याज व मनस्ताप यांची भरपाई किमतीबरोबरच मागता येते.

सावधगिरीचे उपाय आहेत आणि ते फार खर्चिक नाहीत. 'वाहन' प्रणालीतील नोंद पाहावी. मात्र क्रमांक दुसऱ्या खऱ्या गाडीचा असेल, तर ही नोंद स्वच्छच दिसणार. म्हणून गाडीवरचा चेसी क्रमांक प्रत्यक्ष पाहावा आणि कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात त्यावरून सर्व्हिसिंगचा इतिहास काढावा. भंगारात निघालेली गाडी अचानक धडधाकट झालेली तेथे उघड होते. जुन्या मालकाशी एकदा बोलावे. पैसे बँकेमार्फत, व्यापाऱ्याच्याच खात्यात द्यावेत.

परंतु सारी सावधगिरी ग्राहकाच्याच माथी मारणे न्यायाचे नाही. ज्या आरटीओत हस्तांतराची नोंद होते, तेथेच व्यवहारात व्यापारी होता काय आणि त्याच्याकडे अधिकारपत्र आहे काय, हे विचारले गेले, तर कोऱ्या सह्यांचा धंदा पुष्कळसा आटोक्यात येईल. अधिकारपत्राशिवायच्या व्यापाऱ्यामार्फत येणाऱ्या गाडीला कर्ज द्यायचे नाही, असे बँकांनी ठरवले, तरी बाजाराला शिस्त लागेल. तोवर मेकॅनिकला घेऊन इंजिनाचा आवाज ऐकणाऱ्या ग्राहकाने व्यापाऱ्याकडे आणखी दोन गोष्टी मागाव्यात, अधिकारपत्र आणि पक्के बिल. गाडी गेलीच, तर पैसे कोणाकडे मागायचे, हे त्या दोन कागदांवरच ठरते.