साडेबारा टक्के आणि एक सीट

परवा रात्री साडेदहाला धाकट्या भावाचा फोन आला. उरणहून इतक्या उशिरा फोन आला की आधी पोटात गोळा येतो. आमच्याकडचे रस्ते आणि त्यावरचे ट्रेलर ज्यांनी पाहिलेत त्यांना कारण सांगायला नको. पण तसे काही नव्हते.

"दादूस, मना कलत नाय. पोरीला डाक्टर करू का इंजिनिअर?"

मी म्हटले, पोरीला विचार. तर म्हणाला, "ती काय सांगनार? तू सांग. शनिवारी पार्टी येतेय."

पार्टी म्हणजे प्लॉट घेणारा. प्रश्न पोरीला काय आवडते हा नव्हताच. प्लॉट कुठल्या सीटसाठी विकायचा, एवढाच होता. आणि आमच्या भागात 'इंजिनिअरिंग की मेडिकल' म्हणून जो प्रश्न घरोघरी विचारला जातो तो बहुतेक वेळा एवढाच असतो, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे. ते आज जरा मोठ्याने मांडतो.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडा इतिहास सांगायला हवा. नवी मुंबईसाठी सिडकोने आमच्या भातशेतीच्या आणि मिठागरांच्या जमिनी घेतल्या. मोबदल्यावरून आंदोलन पेटले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण गेले. जासईच्या दि. बा. पाटलांनी ते आंदोलन चालवले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित प्लॉट म्हणून परत. (दि. बा. हे ना डॉक्टर, ना इंजिनिअर. वकील! पण आमच्या घरात कुणी पोराला वकील करायचे म्हटले की सगळे गप्प बसतात. असो.)

आता दुसरी एक तारीख बघा. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. म्हणजे एका बाजूला सीट विकत मिळू लागली, आणि त्याच दशकात आमच्या बापांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा रोख पैसा आला. कुणी ठरवून केले असे मी म्हणत नाही. पण पैसा आणि दुकान एकाच वेळी गावात आले की काय होते ते सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा १९८७ चा आहे. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालानंतर 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' असे दोन शब्द आमच्या आयांच्या तोंडीसुद्धा बसले. माझी आई सही करायला शिकली नाही, पण 'पेमेंट सीट' म्हणजे काय ते तिला पक्के ठाऊक होते.

कारण ती माझ्यासाठीच घेतली होती.

मी १९९४ ला बारावी झालो. मार्क बेताचे. जीवशास्त्र बरे जमायचे, गणित रडतखडत. बाबांनी मला काही विचारले नाही आणि मीही काही बोललो नाही. त्यांचे गणित सरळ होते. बंदर १९८९ ला सुरू झालेले, ओएनजीसीचा प्रकल्प त्याआधीपासूनचा, म्हणजे इंजिनिअर लागणारच. डॉक्टरकीचा विचारही झाला, पण त्या सीटचा भाव ऐकून बाबा उठून अंगणात गेले. मग इंजिनिअरिंग. एका खासगी कॉलेजात पेमेंट सीटची फी, होस्टेल, आणि वर पावती न मिळणारे काहीबाही. त्यासाठी त्यांनी साडेबारा टक्क्यांची 'फाईल' विकली. प्लॉट अजून मिळालेलाच नव्हता. मिळण्याचा हक्क विकला. तेव्हा असे सर्रास चालायचे. दलाल घरी यायचे, चहा प्यायचे, फाईल घेऊन जायचे.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मला स्वच्छ कळले की हे आपले काम नाही. तीन केट्या होत्या. थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकासमोर बसलो की डोळ्यांपुढे धुके यायचे. बरोबरचा एक मुलगा, फ्री सीटवाला, त्याच वर्षी सोडून गेला आणि बीएस्सीला लागला. त्याचे दोन वर्षांचे नुकसान झाले, बापाच्या शिव्या बसल्या, संपले. मला ते करता आले नाही. मी घरी जाऊन काय सांगणार होतो? फाईल परत आणून द्या?

माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. चुकणे हा शिक्षणातला मोठा हक्क आहे. सतरा-अठराव्या वर्षी माणूस चुकतोच, चुकायलाच हवा. पण ज्या सीटखाली बापाची जमीन गाडलेली आहे त्या सीटवरून उठता येत नाही. चार वर्षांची पदवी मी सहा वर्षांत काढली. आज एका कंटेनर यार्डात ऑपरेशन्स बघतो. कुठला कंटेनर कुठल्या रांगेत, कुठला ट्रेलर आत, कुठला बाहेर. काम वाईट नाही, मला आवडतेसुद्धा. पण माझ्या शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ उरणमधूनच बीकॉम झालेला आहे, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि माझा साहेब आहे. कारण तो विसाव्या वर्षी कामाला लागला आणि मी चोविसाव्या. त्याच्या वडिलांचा प्लॉट अजून आहे. त्यावर खाली दोन गाळे आहेत आणि वर तो राहतो.

आता मेडिकलचे. लोक म्हणतील, तुझे इंजिनिअरिंग फसले म्हणून तू बोलतोस, डॉक्टर कधी उपाशी राहत नाही. बरोबर, राहत नाही. पण हिशेब मांडू या. २०२४ ला नीटला २३ लाखांवर मुले बसली. देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या जरा वर, आणि त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी. सरकारी जागा मार्कांना महाग आणि पैशाला स्वस्त. उरलेल्यांचे उलटे. अभिमत विद्यापीठांत वर्षाला २० लाखांच्या पुढची फी आहे. साडेचार वर्षे धरली की नव्वद लाख, होस्टेल वेगळे. मग एक वर्ष इंटर्नशिप, मग पीजीची तयारी, कारण नुसत्या एमबीबीएसला आता कोण विचारतो? आणि पीजीची सीटही मार्कांवर नाही मिळाली तर पुन्हा पैशाचीच. म्हणजे पहिला प्लॉट एमबीबीएसला आणि दुसरा एमडीला. ज्याच्याकडे दुसरा नाही त्याने काय करायचे?

इंजिनिअरिंगमधून निदान मधेच उतरून दुसरी गाडी पकडता येते. मेडिकलमध्ये तिसऱ्या वर्षी रक्त बघून मळमळते असे कळले तर कुठे जाणार?

आणखी एक गोष्ट, जी कुणी बोलत नाही. आमच्या तालुक्यात बंदर आहे, गॅसवर चालणारे वीज केंद्र आहे, ओएनजीसी आहे, नौदलाचा डेपो आहे, २०२४ च्या जानेवारीपासून अटल सेतू आणि लोकल दोन्ही आहेत. इंजिनिअरिंग म्हणाल तर ते नाकातोंडातून बाहेर येईल इतके आहे. पण पेशंट जरा गंभीर झाला की नेरूळ, बेलापूर नाहीतर पनवेल गाठावे लागते. तेव्हा लोक म्हणतात, आपली पोरे डॉक्टर व्हायला हवीत. अगदी खरे. पण नव्वद लाखांच्या सीटवरून उठलेला डॉक्टर उरणच्या ग्रामीण रुग्णालयात बसेल का? बसू शकेल का? त्याच्या डोक्यावर बापाचा प्लॉट आहे. तो वाशीला जाईल, कॉर्पोरेट हॉस्पिटलला जाईल, जिथे ते पैसे वसूल होतील तिथे जाईल. मी त्याला दोष देत नाही. पण मग जमीनही गेली आणि डॉक्टरही गेला.

याच्या उलट उदाहरण मला माहीत आहे आणि ते लपवणे बरे नाही. शेजारच्या गावातल्या एकाने मुलाला असेच पैसे भरून डॉक्टर केले. मुलगा हुशार निघाला, मन लावून शिकला, आज गावाजवळच दवाखाना चालवतो आणि लोक त्याचे नाव काढतात. त्याच्या बापाला माझा हा लेख वाचून दाखवला तर तो हसेल. हसू दे. मी एवढेच म्हणतो की त्या मुलाला ते काम आवडले हे त्या घराचे नशीब होते. नशिबावर कुणी जमीन लावू नये. आमच्याकडे तर मुळात थोडीच उरली आहे.

"मग गरिबाच्या, शेतकऱ्याच्या पोराने मोठे व्हायचेच नाही का?" हा प्रश्न भावानेही विचारला. रागाने विचारला. आणि त्यात एक टोचणी होती जी तो बोलला नाही, म्हणून मीच बोलतो. मी माझा वाटा खाऊन बसलोय. सिडकोतल्या जमिनीचा हिस्सा माझ्या शिक्षणात गेला. आता जो आहे तो बंदरासाठी गेलेल्या जमिनीचा, भावाच्या वाट्याचा. बंदर सुरू झाले १९८९ ला आणि त्याच्या साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे वाटली २०१४ ला. पंचवीस वर्षे! बाबा वाट बघत गेले. आणि ज्याने पहिला घास घेतला तो आता धाकट्याला सांगतोय की तू घेऊ नकोस. मला हे दिसत नाही असे नाही.

तरीही सांगतो. व्हायचे, जरूर मोठे व्हायचे. एक वर्ष थांबून पुन्हा नीट द्यायची, पण एकदाच. नाही जमले तर नर्सिंग आहे, फिजिओथेरपी आहे, फार्मसी आहे, बीएस्सी आहे. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज मिळाले तर उत्तम. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. बँकेचे कर्ज काढा, त्यात निदान आकडा लिहिलेला असतो आणि तो फेडून संपतो. प्लॉटचे कर्ज फेडून संपत नाही. ते जेवताना ताटाशेजारी बसलेले असते. बाबांनी मला एका शब्दाने कधी ऐकवले नाही, हे तर जास्तच वाईट.

दुसऱ्या दिवशी पुतणीशी बोललो. तिने अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवले होते, क्लासवाल्यांच्या विरोधात जाऊन. (पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलाला यातला एक विषय कायमचा टाकायला लावणारी शहाणी माणसे कोण, ते मला एकदा बघायचे आहे.) नीट दिली आहे, सीईटीही दिली आहे, निकाल यायचे आहेत. सरकारी एमबीबीएसइतके मार्क पडणार नाहीत हे तिला स्वतःला ठाऊक आहे. मी विचारले, तुला काय वाटते? बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, प्लॉट विकला नाही तर मला जे मिळेल ते घ्यायला बाबा हो म्हणतील का?"

मला हा प्रश्न तिच्या वयाला सुचला नव्हता.

पार्टी शनिवारी अकराला येणार आहे. मी दहाला पोचतो असे भावाला कळवले आहे. त्याने मेसेज वाचलाय, उत्तर अजून दिलेले नाही.